टिपरीचे राखणदार : मातीतले जिवाणू आणि उसाच्या बुरश्या



लागणीचे दिवस जवळ आले की गट कार्यालयात एक प्रश्न हमखास येतो. "साहेब, जिवाणूंची पुडी मिळतेय, बुरशीवर जालीम आहे म्हणतात. घ्यावी का?" आणि त्याला जोडूनच दुसरे वाक्य येते, "दुकानदार म्हणाला, हे लावलं की बेणं कुठलंबी असू दे, रोग येत नाही." पहिल्या प्रश्नाला आमचे उत्तर 'जरूर घ्यावी' असे आहे. दुसरे वाक्य मात्र साफ खोटे आहे. त्यावर विसंबून कुणी परतालुक्यातून न बघता ट्रॉलीभर बेणे आणले, तर नुकसान त्याच्या एकट्याच्या रानापुरते राहत नाही. पाटाच्या पाण्याबरोबर ते खालच्या शेतकऱ्याच्या सरीत उतरते. म्हणून या अंकात या विषयावर जरा सविस्तर लिहीत आहोत.

आधी रोग कोणते, ते पाहू. तांबेरा, तपकिरी ठिपके, पोक्का बोंग हे पानावर आणि शेंड्यावर येणारे रोग आज बाजूला ठेवू. जमिनीतून किंवा बेण्यातून येणारे चार रोग ध्यानात घ्यावेत : अननस रोग, मर, लाल कूज आणि काणी.

यातला अननस रोग बहुतेकांच्या रानात येऊन जातो, पण ओळखला जात नाही. लागणीनंतर सरीत तुटाळ दिसली की आपण बेण्याला, नाहीतर पाटकऱ्याला दोष देतो. अशा वेळी न उगवलेली टिपरी उकरून काढावी आणि उभी चिरावी. आत लालसर-काळा पडलेला गाभा दिसला आणि पिकलेल्या अननसासारखा वास आला, तर ती हीच बुरशी. ही बुरशी डोळ्यातून आत जात नाही, कोयत्याने तोडलेल्या टोकांतून जाते. आतला साखरेचा साठा खाऊन टाकते आणि कोंबाला मूळ फुटण्याआधीच टिपरी पोकळ करते. थंडीने उगवण लांबली, सरीत पाणी साचून राहिले किंवा टिपरी खोल दाबली गेली, की हिचे आयतेच फावते. एकरी दोन डोळ्यांच्या 10,000 टिपऱ्या आपण लावतो. म्हणजे एका एकरात 20,000 उघड्या जखमा आपण आपल्या हाताने मातीत पुरतो. एक डोळ्याची टिपरी केली तर जखमा त्याहून वाढतात, कारण डोळ्यागणिक दोन टोके आली. हा हिशेब पुढे उपयोगी पडणार आहे.

मर रोगात ऊस उभा वाळतो. चिरून पाहिले तर आत तपकिरी-जांभळट रंग आणि मध्ये होडीच्या आकाराची पोकळी दिसते. पाण्याचा ताण किंवा उलट पाणथळपणा, आणि जोडीला मुळांना इजा झाली की तो बळावतो. लाल कुजीत शेंड्याकडचे तिसरे-चौथे पान पिवळे पडून सुकते, ऊस चिरला की लाल गाभ्यात आडवे पांढरे पट्टे दिसतात आणि आंबूस, दारूसारखा वास येतो. काणी तर सर्वांना माहीत आहे, शेंड्यातून निघणारा काळा चाबूक. को 740 च्या जमान्यात काणीने आपल्याकडच्या जुन्या मंडळींना किती छळले, ते त्यांनाच विचारावे.

माती स्वतःच रोग दाबते

उपकारक जिवाणूंची गोष्ट उसाच्या रानात सुरू झाली नाही, गव्हाच्या रानात झाली. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात गव्हाची मुळे काळी पाडून कुजवणारा 'टेक-ऑल' नावाचा बुरशीजन्य रोग आहे. गव्हावर गहू घेतला की पहिली काही वर्षे तो वाढतच जातो. पण शेतकऱ्याने हट्टाने गहूच घेणे चालू ठेवले, तर काही वर्षांनी रोग आपोआप उतरतो. बुरशी मातीत असतेच, पण तिचा जोर चालत नाही. पुलमन येथील शास्त्रज्ञ आर. जेम्स कुक, डेव्हिड वेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा छडा लावला. ही माती 60 अंश सेल्सिअसला अर्धा तास तापवली तर तिचा हा गुण जातो, आणि तीच माती थोडीशी दुसऱ्या मातीत मिसळली तर तिथे तो गुण येतो. आपल्या माताभगिनींना हे समजावून सांगावे लागणार नाही. उकळत्या दुधात विरजण टाकले तर दही लागत नाही, कोमट दुधात चमचाभर पुरते. म्हणजे मातीत कुणीतरी जिवंत होते. ते निघाले स्यूडोमोनास जातीचे जिवाणू. गव्हाच्या मुळावर राहून बुरशीला मारक असे द्रव्य ते तयार करत होते.

कॅलिफोर्नियातले जोसेफ क्लोपर आणि मिल्टन श्रॉथ यांनी 1978 साली अशा मुळालगतच्या, पीक वाढवणाऱ्या जिवाणूंना स्वतंत्र नाव दिले. 1980 साली 'नेचर' या प्रसिद्ध नियतकालिकात त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की हे जिवाणू मातीतले लोह पकडून ठेवतात आणि रोगकारक सूक्ष्मजीवांना लोहावाचून उपाशी ठेवतात.

उसावर आपल्या देशात जे काम झाले, त्यात कोइमतूरच्या ऊस प्रजनन संस्थेचे नाव आधी घ्यावे लागेल. 1912 साली स्थापन झालेली ही संस्था. आपल्या रानातल्या 'को' वाणांची आई तीच. तिथले आर. विश्वनाथन आणि तामिळनाडू कृषी विद्यापीठाचे आर. समियप्पन यांनी स्यूडोमोनास जिवाणू लाल कुजीविरुद्ध वापरून पाहिले आणि 2002 साली त्यावर प्रबंध प्रसिद्ध केला. जिवाणूंची प्रक्रिया केलेल्या उसात रोगाला तोंड देणारी द्रव्ये वाढलेली आढळली. जिवाणू होते मुळाशी, सावध झाला उभा ऊस.

हे काम जिवाणू कसे करतात? एक म्हणजे जागा अडवतात. मुळातून साखर आणि इतर रस सतत पाझरत असतात. ही पंगतच म्हणा. जो आधी पानावर बसला त्याचे पोट भरते, मागून आलेल्या बुरशीला पत्रावळ मिळत नाही. दुसरे, वर सांगितलेले लोह. तिसरे, मारक द्रव्ये. चौथे असे की काही जिवाणू बुरशीच्या पेशीची भिंतच विरघळवतात. खेकड्याचे कवच ज्या पदार्थाचे असते, त्याच जातीचा पदार्थ पुष्कळशा बुरश्यांच्या भिंतीत असतो, आणि तो पचवणारे पाचकरस या जिवाणूंकडे असतात. आणि शेवटचे, पिकाला आधीच जागे करणे. गावात चोर शिरण्याआधी पोलीस पाटलाने हाळी द्यावी, तसे.

यावरून एक गोष्ट उघड व्हावी. ही सारी कामे बुरशीच्या आधी पोचणाऱ्याची आहेत. जिवाणू मुळावर आणि टिपरीच्या जखमेवर आधी बसला पाहिजे. रोग दिसल्यावर सरीतून जिवाणूंचे पाणी सोडणारे सभासद आम्ही पाहतो. पैसे वाया जातात, दुसरे काही नाही.

जिवाणू जे करू शकत नाही

आता दुकानदाराच्या त्या वाक्याकडे येऊ. लाल कुजीची बुरशी बेण्याच्या सालीच्या आत, कांडीच्या गाभ्यात आणि डोळ्याच्या खवल्याआड दडलेली असते. टिपरी अर्धा तास पाण्यात बुडवली तर पाण्यातला जिवाणू तिथवर पोचत नाही. बुरशीनाशक औषधसुद्धा तिथे नीट पोचत नाही. काणीचेही तसेच, रोगट बेटातली टिपरी लावली तर चाबूक येणारच. जिवाणू बाहेरून येणाऱ्याला अडवतो. जो घरातच झोपलेला आहे, त्याला तो काय करणार?

लाल कूज आपल्या भागात उत्तरेइतकी माजलेली नाही, म्हणून आपण निर्धास्त असतो. तेव्हा तिचा इतिहास थोडा सांगणे भाग आहे. 1893 साली जावा बेटावर वेंट या शास्त्रज्ञाने तिचे प्रथम वर्णन केले. 1901 साली गोदावरीच्या मुखाकडच्या प्रदेशात बार्बर यांनी ती भारतात नोंदवली. 1938 ते 1940 या काळात उत्तर बिहार आणि पूर्व उत्तर प्रदेशात तिने को 213 हा वाण अक्षरशः बसवला. कोसी 671 गोडीला नामांकित, पण या रोगापुढे दुबळा. आणि ताजी गोष्ट म्हणजे को 0238. कर्नाल केंद्राच्या या वाणाने उत्तर प्रदेशाची उसाची शेती बदलून टाकली, एकेकाळी तिथले चारपंचमांशाहून अधिक ऊसक्षेत्र या एकट्या वाणाखाली होते. त्यालाच लाल कुजीने गाठले, आणि गेल्या काही वर्षांत तिथल्या कारखान्यांना तो वाण काढून दुसरे बेणे पुरवण्याची धावपळ करावी लागली. तिथेही जिवाणू आणि ट्रायकोडर्मा होतेच की. पण लाखो एकरांवर एकच वाण आणि रोगट बेण्याची ने-आण, यापुढे पुडीचे काही चालत नाही. आपल्याकडे को 86032 किती पसरला आहे, हे ज्याचे त्याने बांधावर उभे राहून पाहावे.

म्हणून क्रम असा : आधी बेणे, मग जिवाणू. बेणे 9 ते 11 महिन्यांचे, बेणे मळ्यातलेच घ्यावे. मूलभूत बेण्याला उष्ण बाष्प हवेची प्रक्रिया, 54 अंश सेल्सिअसला अडीच तास, झालेली असावी आणि तिथून पुढे पायाभूत व प्रमाणित अशा पायऱ्यांनी ते आपल्यापर्यंत यावे. तोडताना प्रत्येक टिपरीचे टोक पाहावे. पांढरेशुभ्र नसेल, लाल ठिपका जरी दिसला, तरी ती मोळी बांधाच्या कडेला टाकू नये, जाळावी. तोडणारा गडी म्हणेल, "एवढ्यानं काय हुतंय?" त्याला काम थांबवून ती टिपरी चिरून दाखवावी.

प्रक्रियेची रीत

बेणे चांगले मिळाले, आता ते वीस हजार दरवाजे राखायचे. 100 लिटर पाण्यात 100 ग्रॅम कार्बेन्डाझिम मिसळून टिपऱ्या 10 ते 15 मिनिटे बुडवाव्यात. काढून सावलीत निथळू द्याव्यात. नंतर दुसऱ्या पिंपात 100 लिटर पाण्याला 1 किलो, म्हणजे लिटरला 10 ग्रॅम, या प्रमाणात स्यूडोमोनासची भुकटी कालवून टिपऱ्या अर्धा तास ठेवाव्यात आणि सावलीत सुकवून त्याच दिवशी लावाव्यात. पुडीवर वेगळे प्रमाण छापले असेल तर पुडीचे मानावे. औषध हाताळताना हातमोजे घालावेत, आणि उरलेले पाणी ओढ्यात किंवा विहिरीच्या कडेला ओतू नये.

इथे सभासद विचारतात, बुरशीनाशकाने जिवाणू मरणार नाहीत का? कार्बेन्डाझिम बुरशीच्या पेशीतल्या ज्या भागावर घाव घालते, तो भाग स्यूडोमोनासला नसतो, म्हणून त्याला फारसा धक्का लागत नाही. ट्रायकोडर्माची गोष्ट वेगळी. पुष्कळजण त्यालाही जिवाणू म्हणतात, पण ती स्वतः एक उपकारक बुरशी आहे आणि कार्बेन्डाझिमने तीही मरते. ट्रायकोडर्मा द्यायचाच असेल तर नंतर, शेणखतातून द्यावा. ताम्रयुक्त औषधे, स्ट्रेप्टोमायसीन आणि ब्लीचिंग पावडर मात्र जिवाणूंचे वैरी आहेत, ती या पिंपाच्या जवळपास आणू नयेत. क्लोरीन टाकलेले नळाचे पाणीही शक्यतो टाळावे, विहिरीचे घ्यावे. ज्या पिंपात तणनाशक कालवले, ते पिंप अजिबात घेऊ नये.

ॲसेटोबॅक्टर हा तिसराच गडी. 1988 साली ब्राझीलमध्ये उसाच्या आत सापडलेला हा जिवाणू हवेतला नत्र उसाला मिळवून देतो, आणि त्याची बेणे प्रक्रिया आपण करतोच. ती चालू ठेवावी. तो खताच्या बाजूचा आहे, त्याच्या भरवशावर रोगराखण सोपवू नये.

जमिनीत द्यायचे तर एकरी 1 किलो स्यूडोमोनास चांगल्या कुजलेल्या, ओलसर शेणखतात मिसळून, वाफसा असताना सरीत मुळाजवळ टाकावे आणि मातीआड करावे. भर उन्हात कोरड्या मातीवर भुकटी फेकणे म्हणजे मासा तव्यावर सोडण्यासारखे आहे. स्यूडोमोनासला बीजाणू होत नाहीत, त्यामुळे ऊन आणि कोरडेपणा तो सोसत नाही. बॅसिलस सबटिलिस या दुसऱ्या जिवाणूला टणक बीजाणू होतात, तो उन्हाळा काढतो आणि पुडीतही जास्त दिवस टिकतो. उन्हाळ्याच्या तोंडावर उशिरा सुरू लागण करणाऱ्यांनी बॅसिलसचा विचार करावा.

ट्रेमध्ये रोपे तयार करणाऱ्यांनी प्रक्रिया टाळूच नये. एक डोळ्याच्या टिपरीला राखीव साठा कमी आणि जखमा दोन. शिवाय कोकोपीट सतत ओले. आमच्या मते जिवाणूंचा पैसा सर्वांत चांगला वसूल होतो तो इथे.

रानात टिकायचे तर खायला हवे

टिपरीवर लावलेले जिवाणू पहिले काही आठवडे राखण करतील. पुढे ते टिकतील की नाही, हे जमिनीत काय आहे त्यावर ठरते. सेंद्रिय कर्ब संपलेल्या, पाणी पाजून पाजून चोपण झालेल्या जमिनीत कितीही पुड्या रिचवल्या तरी पाहुण्यांना उपाशी झोपवल्यासारखे होते. पाचट पेटवणे म्हणूनच आम्हाला डोळ्यांसमोर बघवत नाही. एकरी तीन-चार टन पाचट असते, ते एका काडीने जाते, आणि वरच्या थरातली जिवाणूंची वस्तीही पोळते. खोडव्यात पाचट सरीत दाबून त्यावर कुजवणारे जिवाणू आणि थोडा युरिया टाकावा. कारखान्याच्या प्रेसमडचे कंपोस्टही पूर्ण कुजलेलेच न्यावे, गरम ढिगातून भरून नेऊ नये.

गव्हाच्या गोष्टीवरून कुणी असा अर्थ काढेल की उसावर ऊस घेत राहिले की जमीन आपोआप सुधारते. तसे नाही. ऑस्ट्रेलियात 1993 पासून शास्त्रज्ञांनी नेमका हाच प्रश्न हातात घेतला, आणि वर्षानुवर्षे नुसता ऊस घेतलेल्या जमिनीत मुळांवर रोगकारक सूक्ष्मजीव साठून उत्पादन घटते असे त्यांना आढळले. मध्ये सोयाबीनसारखे द्विदल पीक घेतल्यावर ऊस पुन्हा वर आला. आपल्याकडे खोडवा निघाल्यावर ताग, सोयाबीन किंवा हरभरा घेणारे सभासद आहेत. त्यांच्या नंतरच्या लागणीची मुळे उपटून पाहावीत, पांढरी असतात.

खरेदीबद्दल थोडे. पुडी जिवंत मालाची आहे, दूध घेताना जशी तारीख बघतो तशी बघावी. स्यूडोमोनास व बॅसिलस हे रोगनियंत्रणासाठी विकले जातात तेव्हा कीटकनाशक कायदा 1968 खाली येतात, त्यामुळे नोंदणी क्रमांक छापलेला असलाच पाहिजे. ॲसेटोबॅक्टरसारखी जिवाणू खते 2006 पासून खत नियंत्रण आदेशाखाली आली आहेत. स्यूडोमोनासच्या भुकटीत ग्रॅमला निदान 10 कोटी जिवाणू असावेत, तो आकडा पुडीवर शोधावा. दुकानाच्या पत्र्याखाली मे महिनाभर तापलेली पुडी फुकट दिली तरी घेऊ नये. घरी आणल्यावर युरियाच्या थप्पीजवळ किंवा औषधांच्या कपाटात न ठेवता माठाच्या शेजारी, गारव्याला ठेवावी. आणि पक्की पावती घ्यावी. पावतीवाचून तक्रार कुणाकडे नेणार?

जिवाणूंचा गुण प्रयोगशाळेच्या बशीत जसा दिसतो तसा प्रत्येक रानात दिसत नाही. जमीन, ओल, वाण, थंडी यांवर तो कमी-जास्त होतो. म्हणून आमची प्रत्येक सभासदाला विनंती आहे की यंदा रानाच्या मध्यावर चार सऱ्या जिवाणूंशिवाय लावाव्यात. बेणे तेच, बुरशीनाशक तेच, पाणी तेच, फक्त जिवाणूंचे पिंप नाही. कडेच्या सऱ्या घेऊ नयेत, तिथे ऊन आणि वारा वेगळा पडतो. दोन्ही टोकांना खुंट्या ठोकाव्यात. पंचेचाळिसाव्या दिवशी या चार सऱ्यांतले आणि शेजारच्या चार सऱ्यांतले दर 100 डोळ्यांमागे किती कोंब आले, ते मोजावे. न उगवलेल्या पाच-सहा टिपऱ्या उकरून, चिरून वास घ्यावा. त्या वर्तमानपत्रात गुंडाळून, प्लास्टिकच्या पिशवीत न घालता, मोजणीच्या कागदासह गट कार्यालयात आणून द्याव्यात. लाल कुजीचा संशय असलेला उभा ऊस मात्र कुणीही उचलून आणू नये. आहे तिथेच ठेवून निरोप पाठवावा, आम्ही रानात येऊ.

— ऊस विकास अधिकारी